लिफ्टचा खर्च तळमजल्याने का द्यायचा?

(संस्थेच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात पेण येथे केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्यातली भाषा तशीच ठेवली आहे.)



मागच्या मोकळ्या जागेत पोपटीची मडकी लागली आहेत. भांबुर्डीचा वास इथवर यायला लागलाय. त्यामुळे माझ्या भाषणाला किती वेळ आहे, ते मला कोणी सांगायची गरज नाही. मडकं उपडं केलं की मी थांबतो.

कमिटीने मला विषय दिला 'आरोग्य'. मी डॉक्टर नाही. एस.टी.त हिशेबाच्या टेबलावर नोकरी केली आणि या संस्थेचा पहिली अकरा वर्षं खजिनदार होतो. म्हणजे आयुष्यभर दुसऱ्यांचे पैसे मोजले. म्हणून आज आजारपणाबद्दल बोलणार नाही, आजारपणाच्या बिलाबद्दल बोलणार आहे. ते कोणी भरायचं? ज्याचं त्याने, की सगळ्यांनी मिळून?

सुरुवात आपल्या लिफ्टपासून करतो. जुन्या सभासदांना २००३ ची वार्षिक सभा आठवत असेल. तळमजल्यावरच्या एका सभासदांनी उभं राहून विचारलं, "मी कधी लिफ्टमध्ये पाऊल टाकत नाही. मग तिच्या दुरुस्तीचे पैसे मी का भरू?" प्रश्न चुकीचा नव्हता. मी उपविधी काढून वाचून दाखवला. ज्या इमारतीत लिफ्ट आहे तिथल्या सर्व सभासदांनी, वापर असो वा नसो, लिफ्टचा खर्च सारखा वाटून घ्यायचा. ते गृहस्थ म्हणाले, "कायदा कळला, न्याय नाही कळला." त्यांनी पैसे भरले, पण पावतीच्या मागे 'नाराजीने' असं लिहून भरले. ती पावती माझ्या फाइलमध्ये अजून आहे.

मग २००५ चा जुलै आला. २६ तारखेला मुंबईत काय झालं ते सगळ्या जगाला माहीत आहे. आपल्या रायगडात काय झालं ते आपल्याला माहीत आहे. तळमजल्यात गुडघ्याच्या वर पाणी. चारही खोल्यांची माणसं वर आली, दोन रात्री तिसऱ्या मजल्यावर झोपली. पाणी ओसरल्यावर पंप, मीटरची खोली, तळमजल्याचं गिलाव्याचं काम, सगळं संस्थेच्या खर्चाने झालं. चौथ्या मजल्यावरच्या कोणी विचारलं नाही की पाणी माझ्या घरात आलं नव्हतं, मी का भरू. मी 'नाराजीने' लिहिलेल्या पावतीचा विषयही काढला नाही. (आज काढला, पण आता ते स्वतःच पुढच्या रांगेत बसून हसतायत.)

आता जगात या पद्धतीला इंग्रजीत 'सिंगल पेयर' म्हणतात. सगळ्यांचं दवाखान्याचं बिल एकाच तिजोरीतून. तिजोरीत प्रत्येकाने ऐपतीप्रमाणे टाकायचं आणि गरजेप्रमाणे काढायचं. कॅनडात हे एका प्रांतातून सुरू झालं. सस्कॅचेवान नावाचा शेतकऱ्यांचा प्रांत, साल १९६२. तिथल्या डॉक्टरांनी विरोधात २३ दिवस संप केला होता. आज तो देश आपल्या या योजनेचा अभिमान बाळगतो. इंग्लंडात त्याच्याही आधी, ५ जुलै १९४८ ला, सरकारने दवाखानेच आपल्या हातात घेतले.

आपल्याकडे हा विचार नव्हता असं समजू नका. स्वातंत्र्याच्या आधी, १९४६ मध्ये, भोर समितीने अहवाल दिला होता की पैसे नाहीत म्हणून कोणी उपचाराविना राहू नये. आणि विम्याचं म्हणाल तर आपल्या जिल्ह्याचा त्यात मोठा हात आहे. चिंतामणराव देशमुख, महाडजवळच्या नाते गावी जन्मलेले, रोह्याशी घरचं नातं असलेले. रोहेकर त्यांना आपलेच मानतात. अर्थमंत्री असताना त्यांनी जानेवारी १९५६ मध्ये आयुर्विमा सरकारी मालकीचा केला. देशभरातल्या २४५ विमा संस्था एका छत्राखाली आल्या, त्यातून एल.आय.सी. झाली. म्हणजे माणूस गेल्यावर पैसे द्यायची एकच तिजोरी आपण सत्तर वर्षांपूर्वी उभी केली. माणूस जाऊ नये म्हणून पैसे द्यायची तिजोरी मात्र राहून गेली. कामगारांसाठी ई.एस.आय. आली, केंद्र सरकारच्या नोकरांसाठी वेगळी योजना आली. बाकीच्यांनी आपलं आपण बघायचं.

आपलं आपण बघणं म्हणजे काय, ते मी २०१८ मध्ये शिकलो.

जून महिना होता, पाऊस. रात्री अकराला हिच्या छातीत कळ आली. वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, इथे वेळ घालवू नका. मुंबई-गोवा महामार्गाचं रुंदीकरण २०११ पासून चाललेलं, रस्ता खणलेला. ॲम्ब्युलन्समध्ये प्रत्येक खड्ड्याला मी मॉनिटरकडे बघत होतो. नवी मुंबईतल्या एका मोठ्या रुग्णालयात पोचलो. काउंटरवर पहिला प्रश्न, "मेडिक्लेम आहे का?" मी छाती पुढे काढून सांगितलं, आहे. निवृत्तीनंतर घेतला होता, हप्ता एकदाही चुकवला नव्हता.

अँजिओप्लास्टी झाली, दोन स्टेंट बसले. तिसऱ्या दिवशी विमा कंपनीचा नकार आला. कारण काय, तर रक्तदाब आधीपासून होता आणि फॉर्मवर तो लपवला. लपवला नव्हता हो. एजंटने 'नाही'वर खूण केली होती आणि ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांची व्हाउचरं वाचल्याशिवाय सही केली नाही, त्या माणसाने स्वतःचा फॉर्म न वाचता सही केली होती. चूक माझीच. पण तीन लाख चाळीस हजारांची चूक.

स्टेंटची किंमत तोवर सरकारने बांधून दिलेली होती. २०१७ च्या फेब्रुवारीत औषध लावलेल्या स्टेंटला २९,६०० रुपयांची कमाल मर्यादा आली, त्याआधी लाखाच्या घरात घेत असत. मी पेपरात वाचलं होतं, म्हणून बिल हातात घेऊन तोच आकडा शोधत होतो. स्टेंट मर्यादेतच होते. बाकीच्या ओळी मात्र मला नव्या होत्या. हिशेब मला कळतो, पण त्या बिलातली बेरीज सोडून मला काही कळलं नाही. आणि खरं सांगू, आतमध्ये आपलं माणूस झोपलेलं असताना कोणी भाव करत नाही. भाजीवालीशी दोन रुपयांसाठी वाद घालणारे आपण तिथे मुकाट कार्ड काढतो. बाजारात गिऱ्हाईक नको म्हणू शकतो, म्हणून भाव उतरतो. दवाखान्यात नको म्हणता येत नाही.

माझ्याकडे पैसे नव्हते असं नाही. पण माझी एक मोठी ठेव २०१० पासून एका बंद पडलेल्या बँकेत अडकलेली. या हॉलमध्ये तसे हात वर करा म्हटलं तर बरेच हात येतील, नको. त्या रात्री आपल्यापैकी एकाने फोनवर सुचवलं, "संस्थेच्या सिंकिंग फंडातून तात्पुरते घ्या." मी नाही म्हणालो. तो पैसा इमारतीचा, सर्वसाधारण सभा आणि निबंधकाच्या परवानगीशिवाय त्याला हात लावता येत नाही, हे मीच अकरा वर्षं सगळ्यांना सांगितलेलं. मग दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने आपले दोघे सभासद नवी मुंबईला आले. पाकिटात ८० हजार रुपये आणि अकरा नावांची यादी. व्याज नाही, मुदत नाही. यादीत चौथं नाव तळमजल्यावरचं होतं. पैसे फेडायला मला दीड वर्ष लागलं. त्या अकरा जणांचे आज जाहीर आभार मानतो. त्या वेळी मानले होते, पण तेव्हा घशातून आवाज निघत नव्हता.

त्याच वर्षी दिवाळीनंतर रोह्याला माझ्या मेव्हण्यांची बायपास झाली. भात आणि वालाची शेती, केशरी रेशनकार्ड. बिल शून्य. कारण २ जुलै २०१२ ला राज्य सरकारने जी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू केली, तिच्या पहिल्या आठ जिल्ह्यांत आपला रायगड होता. पिवळं आणि केशरी कार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला दीड लाखापर्यंतचे ठरलेले उपचार रोख पैसे न भरता. २०१७ मध्ये तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं. आयुष्यात पहिल्यांदा मला कोणाच्या केशरी कार्डाचा हेवा वाटला. आपण पांढरं कार्ड म्हणजे प्रतिष्ठा समजत होतो.

पण शून्य बिलाचा हिशेबही मी मांडून बघितला, सवय आहे ना. आधीच्या तपासण्या, दिवा-रोहा गाडीने पनवेल, पुढे रिक्षा, अशा सात खेपा. बहिणीचं तिथलं जेवणखाण, नंतरच्या गोळ्या, आणि शेतीच्या कामाला लावलेल्या मजुराची सहा महिन्यांची मजुरी. खिशातून पन्नास हजारांच्या वर गेले. योजना खाटेचे पैसे देते, खाटेपर्यंत पोचायचे देत नाही. बी.पी.च्या आणि साखरेच्या गोळ्या, ज्या आपल्या इमारतीत जवळजवळ प्रत्येक घरात आहेत, त्या कुठल्याच कार्डावर घरपोच येत नाहीत. देशाचा हिशेब बघा. २०१३-१४ मध्ये आरोग्यावर होणाऱ्या एकूण खर्चातल्या शंभरपैकी ६४ रुपये लोक स्वतःच्या खिशातून घालत होते. २०२१-२२ मध्ये तो आकडा ३९ वर आला. उतरलाय, नाही म्हणत नाही. पण त्या ३९ मध्ये या गोळ्या आणि या खेपा आहेत.

आणि लोक कुठून कुठे जातात बघा. माझा पुतण्या टोरंटोला असतो. दर दोन वर्षांनी येतो तेव्हा पहिला आठवडा दातांचा. तिथल्या सरकारी विम्यात दात पूर्वापार नव्हते. आता कुठे ठरावीक उत्पन्नाखालच्या लोकांसाठी सुरू झालंय, त्यात तो बसत नाही. मागच्या खेपेला पाठीचा एम.आर.आय.सुद्धा इथेच करून गेला, तिथे काही महिन्यांनंतरची तारीख मिळाली होती. तोच पुतण्या मला सांगतो, "काका, तिकडे हार्ट ॲटॅक आला तर बिलाची भीती नसते." दोन्ही खरं आहे. एका तिजोरीत रांग लागते. पण ती रांग सगळ्यांची एक असते.

याला आता वैद्यकीय पर्यटन म्हणतात. परदेशी रुग्णांसाठी वेगळा वैद्यकीय व्हिसा आहे. बांगलादेशातून सर्वात जास्त येतात, इराक-ओमान-आफ्रिकेतून येतात, गुडघे आणि हृदय दुरुस्त करून जातात. येऊ देत, आजारी माणसाला सीमा नसते. माझा पुतण्याही त्यातलाच. पण त्याला जे स्वस्त वाटतं ते कशामुळे स्वस्त आहे? इथली नर्स कमी पगारावर रात्रपाळी करते म्हणून, आणि पुष्कळसे डॉक्टर के.ई.एम., जे.जे.सारख्या सार्वजनिक रुग्णालयांत शिकून तयार झाले म्हणून. त्याच्या डॉलरला जे स्वस्त, ते आपल्या इमारतीत धुणीभांडी करायला येणाऱ्या ताईंना परवडत नाही. त्यांची दाढ गेलं वर्षभर दुखतेय. पुतण्याच्या रूट कॅनलचा चहा त्यांनीच केला होता.

आपलंही पर्यटन आहेच की. पहाटेच्या गाडीत बघा, हातात फाइल आणि एक्स-रेची मोठी पिशवी घेतलेली माणसं. कोणी खारघरला टाटाच्या केंद्रात, कोणी परळला. केमो चालू असलेल्या पोरीला घेऊन दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहिलेलं कुटुंब मला माहीत आहे. त्या पोरीने मुंबईत समुद्र पाहिला नाही.

आता आजच्या घडीचं सांगतो, कारण हे फार जणांना माहीत नाही. १ जुलै २०२४ पासून फुले योजना महाराष्ट्रातल्या सगळ्यांना लागू झाली. पांढरं कार्डसुद्धा. कुटुंबाला वर्षाला पाच लाख. केंद्राची आयुष्मान भारत योजना तिच्याशी जोडली आहे, आणि २९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, पाच लाखांचं वेगळं संरक्षण आहे. म्हणजे कागदावर आपण एका तिजोरीच्या बरेच जवळ आलोय. मी गेल्या महिन्यात आपल्या ३२ घरांत फिरलो. कार्ड काढलेली घरं किती? नऊ. बाकीच्यांचं उत्तर साधारण एकच, "ते आपल्यासाठी नाही हो, त्या दवाखान्यात कोण जाणार?" चार जणांनी वर आपला मेडिक्लेमचा हप्ता किती मोठा आहे ते सांगितलं. सप्टेंबर २०२५ पासून त्यावरचा जी.एस.टी. गेला याचा आनंदही सांगितला. मेडिक्लेम ठेवा, मी सोडा म्हणत नाही. फॉर्म मात्र वाचा.

"आपल्यासाठी नाही" हे ऐकून मला आपल्या गेटजवळचा वॉचमनचा संडास आठवला. त्याच्या देखभालीचे पैसे आपण ३२ जण दरमहा भरतो, अगदी लिफ्टसारखेच. लिफ्ट बंद पडली तर तासाभरात मेकॅनिक येतो, कारण सेक्रेटरी चौथ्या मजल्यावर राहतात आणि त्यांचे गुडघे दुखतात. संडासाची कडी चार वर्षं तुटलेली होती. वॉचमन आतून दाराला दोरी बांधायचा. कोणी वाईट नाही आपल्यात. पैसेही होते. फक्त आपल्यातलं कोणी तिथे जात नव्हतं. मी खजिनदार होतो तेव्हाही तो दिवा बहुतेक वेळा बंदच असे आणि माझ्या वहीत 'दिवा दुरुस्ती' शून्य आहे.

पेणचं उपजिल्हा रुग्णालय, रोह्याचं उपजिल्हा रुग्णालय, अलिबागचं जिल्हा रुग्णालय, तिजोरी आपलीच आहे. २०२३ च्या १५ ऑगस्टपासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केस पेपरचेही पैसे घेत नाहीत. तिथे तज्ज्ञ डॉक्टर का नाही, सोनोग्राफी कधी चालू, हे विचारायला आपल्यापैकी कोणी गेलंय का? आपण गाडी काढतो आणि पनवेलकडे वळतो. विचारणारा माणूस तिथे नसेल तर दोरी बांधूनच चालवणार.

वरच्या मजल्यावरचे डॉक्टर आता माझ्याकडे रोखून बघतायत, त्यांचीही बाजू सांगतो. परवा त्यांनी मला बसवून ऐकवली. योजनेत एकेका शस्त्रक्रियेचा दर ठरलेला असतो. तो लहान नर्सिंग होमला पुरत नाही, आणि ठरलेले पैसेही उशिरा येतात. त्यांना नर्सचा पगार एक तारखेला द्यायचा असतो. मग रुग्णालयं योजनेत यायला नाखूष असतात आणि आपल्याला कार्ड घेऊन लांब जावं लागतं. बरोबर आहे त्यांचं. आपल्याकडे सहा सभासदांनी वर्षभर मेंटेनन्स थकवला होता तेव्हा लिफ्टवाल्याने एएमसी बंद केली होती, आणि जिने आपण सगळ्यांनीच चढले होते, भरणाऱ्यांनीही. तिजोरी एक करायची तर ती वेळेवर उघडली पाहिजे. नाहीतर सगळ्यांचा विमा आणि कोणाचाच दवाखाना नाही, असं व्हायचं. आणि ती भरायला कर लागतो. फुकट काही नसतं, हे खजिनदाराने नाही सांगायचं तर कोणी.

तरी मला विचाराल तर मी एका तिजोरीच्या बाजूचा आहे. माझं पाकीट अकरा जणांनी भरलं, कारण मी पंचवीस वर्षं त्यांच्यात राहतो आणि माझा चेहरा त्यांना माहीत होता. ज्याच्या शेजारी असे अकरा जण नाहीत, त्याने काय करायचं? आपल्या वॉचमनला कोणाचं पाकीट येणार?

पोपटीचं मडकं उपडं झालं वाटतं, पोरं उठली. शेवटचं एक कामाचं. येत्या रविवारी सकाळी दहा वाजता कार्ड काढायला बसणार आहोत. रेशनकार्ड, आधार, आणि आधारला जोडलेला मोबाईल स्वतःबरोबर आणा, ओ.टी.पी. येतो. पोरांचा मोबाईल नंबर जोडलेला असेल आणि पोरगं पुण्याला असेल तर त्याला त्या वेळी फोन हातात ठेवायला सांगा. सत्तरीच्या वरच्यांचं वय वंदना कार्ड वेगळं, त्यांचं आधी काढू. योजनेत रुग्णालय कुठलं, काय बसतं, हे विचारायचा नंबर १५५३८८, तो मी नोटीस बोर्डावर लावलाय. कार्यालयात रेंज येत नाही म्हणून टेबल गच्चीवर टाकू. लिफ्ट चालू आहे. वॉचमन, धुणीभांडीवाल्या ताई, इस्त्रीवाले, त्यांनाही मी सांगितलंय. यादीत पहिलं नाव त्यांचं घेतलंय, त्यांना कामावर जायची घाई असते.

आणि कडी बसवली. पासष्ट रुपये झाले, व्हाउचर नव्या खजिनदारांकडे दिलंय.